भुईमूग काढणीला माणसं लावताय? आधी नवख्यांची यादी करा

गावची शेती यंदा स्वतः करायची ठरवलीत आणि मे महिन्यात उन्हाळी भुईमूग काढायला पंधरा माणसं लावायची आहेत. बियाणं, खत, भाव यांबद्दल सांगणारे गावात शंभर जण भेटतील. त्या पंधरा जणांना ऊन लागू नये म्हणून काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच असतं असं प्रत्येकाला वाटतं. हिंगोलीकडच्या आमच्या शेतात मीही याच समजावर दोन हंगाम काढले.

तिसऱ्या हंगामात टोळीबरोबर एक पोरगा आला. पुण्याला कंपनीत रात्रपाळी करायचा, काम सुटलं म्हणून गावी आलेला. बावीस-तेवीस वर्षांचा, अंगानं धडधाकट. त्याच्या शेजारच्या पातीवर, म्हणजे काढणीत एकेकाच्या वाट्याला येणाऱ्या पट्ट्यावर, साठी उलटलेली एक आजी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, म्हणजे ऊन अजून पुरतं तापलंही नव्हतं, तो पात सोडून विहिरीच्या उलट बाजूला चालू लागला. हाक मारली तर तिरसटून काहीतरी बोलला. मला वाटलं, कामचुकार आहे. दहा मिनिटांनी तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवा पडलेला होता. आजी पात संपवून पाणी प्यायला आली, तिला काहीच झालेलं नव्हतं.

हे उलटं का झालं, हे कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. उन्हाची सवय ही मनाची नसते, शरीराची असते. रोज उन्हात राबणाऱ्याचं शरीर एक ते दोन आठवड्यांत बदलतं: घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि तेवढ्याच कामाला हृदय कमी धडधडतं. आजी होळीपासून उन्हात होती. पोरगा वर्षभर छपराखाली होता. उघड्यावरच्या कामात उन्हानं दगावणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतल्या नवख्यांचा वाटा फार मोठा असतो. म्हणून थर्मामीटरकडे बघण्याआधी टोळीकडे बघा.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी

मुकादमाला विचारून यादी करा: गेले दोन आठवडे सलग उन्हात कोण काम करतंय आणि कोण नाही. शहरातून परतलेला नवखा हे उघडच आहे. पण लग्नाला जाऊन आठ-दहा दिवसांनी आलेली बाई, नुकताच तापातून उठलेला माणूस, बाळंतपणानंतर पहिल्यांदा कामावर आलेली, हेही नवखेच. मार्चअखेर पारा एकदम चढतो त्या आठवड्यात तर सगळी टोळीच नवखी असते. आणि मोबाईल घेऊन धुऱ्यावर दिवसभर उभे राहणारे तुम्ही सर्वांत नवखे.

यादी झाली की मोजमाप सोपं आहे. उन्हातलं काम कधीच न केलेल्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या साधारण २० टक्के आणि पुढे रोज आणखी २० टक्के. म्हणजे पाचव्या दिवशी पूर्ण पात. आठ तासांच्या दिवसात पहिल्या दिवशी उन्हात दीड-पावणेदोन तास. ज्याला सवय होती पण मध्ये खंड पडला, त्याला पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेल्या वेळात त्याला सावलीतलं काम द्या: शेंगा तोडणं, पोती शिवणं, पाणी वाटणं.

हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, पूर्ण द्या. इथे हात आखडलात तर वरचं सगळं गणित वाया जातं, कारण अर्ध्या हजेरीवर कुणी अर्धं काम करणार नाही, तो पूर्ण पातच धरेल. पातीचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे माहीत आहे. सगळे एका रांगेत पुढे सरकत असतात आणि मागे पडणाऱ्याची चेष्टा होते. त्या पोराला भोवळ येत असणार, पण शेजारची म्हातारी दोन हात पुढे गेलेली असताना तो थांबणार कसा? नवख्याला जाणत्या माणसाबरोबर एकाच पातीत जोडीनं लावा. मग मागे-पुढे व्हायचा प्रश्नच राहत नाही.

उक्त्या कामाचंही तेच. एकरावर किंवा पोत्यावर सौदा ठरला की पाणी प्यायला थांबणं म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे जाणं. माझं स्पष्ट मत आहे, मे महिन्यात उक्तं देऊ नका, रोजानं लावा. द्यावंच लागलं तर विसाव्याचा वेळ सौद्यातच धरा आणि तो सगळ्यांसमोर बोलून दाखवा.

आणखी एक चौकशी एकेकट्याला बाजूला घेऊन करायची: जुलाब किंवा ताप आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का (काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं), रात्री दारू झाली होती का. शेवटचा प्रश्न चारचौघांत विचारलात तर उत्तर खोटंच मिळणार. बायांना हे प्रश्न घरातल्या बाईनं विचारलेले बरे, म्हणजे कुणी गरोदर असेल तर तेही कळतं.

वेळ

हवामान खात्याचं तापमान पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मोजलेलं असतं. ४३ अंश म्हणजे त्या पेटीतले ४३. तुमची माणसं तापलेल्या मातीवर वाकून, पाठीवर ऊन घेऊन काम करत असतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त वर गेलं, की खातं उष्णतेची लाट म्हणतं. थेट ४५ गाठलं तर सरासरी बघायचीही गरज नाही. इशारे पिवळ्या, नारिंगी, लाल रंगात येतात. पण इशारा नाही म्हणून बिनधास्त राहू नका. आमचा पोरगा पडला त्या दिवशी कसलाच इशारा नव्हता. मे अखेरीस रोहिणी नक्षत्रासोबत येणारा नवतपा गावातली जुनी माणसं आधीच मोजून ठेवतात. त्या नऊ दिवसांत मोठं काम काढू नये, हा त्यांचा हिशेब मला पटतो.

कोकणातल्या वाचकांनी आकड्यांवर जाऊ नये. आमच्याकडे घाम सुटतो तसा वाळतो, शर्टावर मिठाची पांढरी रेघ उमटते, आणि वाळताना तो अंग गार करतो. दमट हवेत घाम नुसता निथळतो, गारवा मिळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हानं माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

मे अखेर आमच्याकडे सव्वापाचला फटफटतं. साडेपाचला शेतात पोचा. उपटणी, खणणं, ओझी वाहणं ही सगळी जड कामं साडेदहापर्यंत संपवा. भुईमुगाला हे छान जमतं. सकाळी वेल उपटायचे, बैलगाडीतून किंवा ट्रॉलीतून आंब्याखाली आणून टाकायचे आणि दुपारभर सावलीत बसून शेंगा तोडायच्या. काम तेवढंच होतं, फक्त त्याचे दोन तुकडे पडतात. हळदीत असा तुकडा पाडणं अवघड आहे, कारण शिजवणीला कुकरच्या वाफेपाशी कुणीतरी उभं लागतंच. तिथे तासातासानं माणूस बदला आणि शिजवणी पहाटे किंवा रात्री घ्या. पॉलिहाऊसमध्ये दुपारी कुणालाही पाठवू नका, अगदी पाच मिनिटांच्या कामालासुद्धा.

पाणी

तहान लागल्यावर प्यायचं हा नियम घरासाठी ठीक आहे. शेतात दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर. तासाला पाऊण ते एक लिटर होतं. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका, नुसतं पाणी ढोसल्यानंही रक्तातलं मीठ उतरून माणूस पडतो. पंधरा माणसं, पाच तास: फक्त पिण्याचं पाणी सत्तर लिटरच्या आसपास. म्हणजे वीस लिटरचे साडेतीन जार. एक कळशी आणि एक लोटा घेऊन गेलेला मालक मी पाहिलाय. तो मीच होतो.

पाणी विहिरीपाशी ठेवून उपयोग नाही, ते पातीबरोबर सरकलं पाहिजे. आम्ही आता एक माणूस पाण्यावरच ठेवतो, बहुतेक वेळा तो त्या दिवशीचा नवखा असतो. माठ ओल्या बारदानात गुंडाळला की दुपारपर्यंत गार राहतो. चहा प्यायला हरकत नाही, पण तो या हिशेबात धरू नका.

बायका मुद्दाम कमी पाणी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. हे त्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. चार बांबू आणि हिरव्या शेडनेटचा तुकडा लावून कोपऱ्यात आडोसा करा. आमच्याकडे हे केल्यावर दुपारपर्यंत न संपणारा बायांकडचा जार दहाच्या आत रिकामा व्हायला लागला.

भाकर, ठेचा, लोणचं, मीठ घातलेलं ताक असं न्याहरीला पोटात गेलं असेल तर बहुतेकांना मिठाची वेगळी सोय लागत नाही. उपाशीपोटी आलेल्याला कामावर घेऊ नका, आधी खाऊ घाला. पन्हं, लिंबाचं सरबत उत्तम. ओआरएसची पाकिटं ठेवा, पण पाकिटावर वाचून: मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट एका पेल्यात ढवळून देणारे पुष्कळ असतात, त्यानं भलतंच होतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात खोक्यातून मिळणारी गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

खिशात कांदा ठेवणाऱ्याला हसू नका, ठेवू द्या. फक्त कांदा आहे म्हणून पाणी चुकवू देऊ नका.

लक्ष कशावर ठेवायचं

पोटरीत गोळे येणं, डोकं जड होणं, मळमळ, घेरी, घामानं डबडबलेलं पण फिकट अंग ही पहिली पायरी. माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. सावलीत झोपवा, पाय थोडे वर घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करा, घोट-घोट ओआरएस द्या. त्या दिवशी त्याचं काम संपलं. अर्ध्या तासात बरं वाटून तो उठू बघेल, तरीही नाही. बरं वाटत नसेल किंवा सारख्या उलट्या होत असतील तर दवाखाना.

दुसरी पायरी डोक्यात दिसते. चिडचीड, बरळणं, भलत्याच दिशेला चालणं, दारू प्यायल्यासारखा तोल जाणं, साध्या प्रश्नाचं वेडंवाकडं उत्तर. हा उष्माघात. आतलं तापमान अशा वेळी ४० च्या वर गेलेलं असतं. 'उष्माघातात अंग कोरडं पडतं' हे अर्धंच खरं आहे. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पडतं, पण राबता राबता कोसळणाऱ्याचं अंग घामानं ओलंचिंब असू शकतं. आमच्या पोराचं होतं, आणि त्यावरूनच आम्ही फसलो. घाम बघू नका, प्रश्न विचारा: आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, मी कोण. एक उत्तर जरी गडबडलं तरी उष्माघात समजूनच चाला.

माणूस बरळायला लागला किंवा पडला तर

आम्ही काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल. त्याला सावलीत नेलं, कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात पाणी ओतलं, मी जीप आणायला पळालो. कोरड्या अंगानं त्याला मागच्या सीटवर घातलं आणि काचा उघड्या ठेवून, तापलेला वारा खात तालुक्याला नेलं. चाळीस मिनिटं लागली. तिथे सिस्टरनं पहिलं काम काय केलं असेल? बादलीनं पाणी ओतलं आणि पंखा लावला. पोरगा वाचला. पण ती बादली आमच्या विहिरीवरही होती, चाळीस मिनिटं आधी.

तेव्हा क्रम असा:

१. एकानं १०८ ला फोन करायचा. शेतात रेंज कुठे येते ते आधीच बघून ठेवा. शेताला पत्ता नसतो, म्हणून दुसऱ्यानं गाडी घेऊन डांबरी रस्त्याच्या फाट्यावर जाऊन उभं राहायचं.

२. त्याच वेळी बाकीच्यांनी पाणी ओतायला सुरुवात करायची. कपडे ढिले करा, जास्तीचे काढा, डोक्यापासून पायापर्यंत भिजवा, थांबू नका. हौद किंवा ढोराचं टाकं असेल तर मानेपर्यंत त्यात बसवा. एकानं काखेत हात घालून डोकं पाण्याच्या वर धरून ठेवायचं, ते एका क्षणासाठीही सोडायचं नाही. बर्फ असेल तर काख, मान, जांघ इथे लावा. ओल्या अंगावर सुपानं, बारदानानं जोरात वारा घाला. अंग कोरडं ठेवून घातलेला वारा अशा हवेत काही कामाचा नाही.

३. बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, ओआरएस नाही, झटके आले तर चमचाही नाही. तापाची गोळी देऊ नका. हा तापच वेगळा, त्या गोळीनं उतरत नाही आणि उलट यकृतावर ताण येतो.

४. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती गार केलं यावर बरंच काही ठरतं. तो नीट बोलायला लागला किंवा हुडहुडी भरली, तरच ओतणं कमी करा. रुग्णवाहिका येणार नसेल आणि स्वतःच न्यायचं असेल, तर आधी भिजवा, मग हलवा, आणि ट्रॉलीत पाण्याचे कॅन घेऊन वाटभर ओतत जा.

इथे गावातलं कुणीतरी हमखास हात धरेल: 'तापल्या अंगावर गार पाणी ओतू नको, लकवा मारंल.' मोठं माणूस असेल, आवाजही मोठा असेल. वाद घालत बसू नका, 'डॉक्टरनं सांगितलंय काका, माझ्यावर सोडा' म्हणा आणि ओतत राहा. राबता राबता ऊन लागलेल्यावर गार पाण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

हे पाणी आयत्या वेळी कुठून येणार? मोटार लावू म्हणाल तर शेतीची लाइट बहुधा नेमकी तेव्हा नसते. म्हणून २०० लिटरचा एक ड्रम रात्रीच भरून झाडाखाली ठेवा आणि त्याला इतर कामासाठी कुणालाही हात लावू देऊ नका. लाइट असलीच, तर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी भाजण्याइतकं तापलेलं असतं, ते आधी जाऊ द्या. आणि फवारणीचा पंप हाताशी आहे म्हणून त्यानं अंगावर पाणी मारू नका, त्यात औषधाचा अंश असतो.

फवारणीवरून आठवलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत. ऑक्टोबर हीटमध्ये डोक्याएवढ्या कपाशीत, अंगावर प्लॅस्टिकचा कोट घालून फवारणारा माणूस घामाघूम होऊन पडला तर ऊन आहे की औषध, हे आपल्याला ओळखता येईलच असं नाही. तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप ही विषाची खूण. दोन्ही एकदमही असू शकतं. औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल दवाखान्यात सोबत न्या आणि फवारणी केली होती हे न विचारताच सांगा.

नंतर

दवाखान्यातून सुटलेला माणूस बरा दिसतो, पण उष्माघातानंतर शरीर कित्येक दिवस, कधी आठवडे उन्हाला नाजूक राहतं. डॉक्टरनं सांगेपर्यंत शेतात नाही, आणि परत येईल तेव्हा तो पुन्हा नवखा: २० टक्क्यांपासून. पहिल्या पायरीवर सावरलेल्यालाही दुसऱ्या दिवशी घरीच थांबवा. टिनपत्र्याच्या घरात रात्रभर उकडलेला माणूस सकाळी थकूनच उठतो, कालचं ऊन त्याच्या अंगातून गेलेलं नसतं. त्या दिवसाची हजेरी द्या.

आणि सकाळी कुणाला तरी त्याच्या घरी पाठवून लघवीचं विचारा. झाली का, कशा रंगाची झाली. पिवळसर असेल तर पाणी पीत राहा म्हणावं. काढ्यासारखी काळपट असेल किंवा रात्रीपासून झालीच नसेल, तर स्नायू आणि किडनीला मार बसलेला असू शकतो. मग बरं वाटतंय का ते विचारत बसू नका, गाडी काढा.